मी त्यांना ओवाळलं नाही

एका कार्यकर्त्यानं ताट माझ्या हातातून हिसकावलं, तेव्हा जळतं निरांजन माझ्याच पायावर पडलं.

"विधवा हाय ना तू? मांगं हो. साहेबाले अपशकुन नको."

दिल्लीचे पुढारी भीमपूरला आले होते. मी तिशीतली, नवरा जाऊन वर्ष झालेलं. ओवाळणाऱ्या बायांत आपणहून घुसली. दोन दिवस जीपवरचा भोंगा ओरडत होता, "हर बहन का मान, मेरा मान!" मला वाटलं, हे माझ्यासाठीच. काय शहाणी होती मी! चिंचेनं ताट घासघासून उजळलं होतं. साहेबांनी सगळं पाहिलं. हसले, आणि पुढच्या बाईसमोर कपाळ केलं. आणि मी? हात जोडून माफी मागितली. वर मतही त्यांनाच दिलं. पायाचा फोड चिघळला, तरी लंगडत गावभर सांगितलं, साहेबांनी माझ्याकडं पाहिलं म्हणून. अशी येडी!

त्याला आता पस्तीस-चाळीस वर्षं झाली. यंदा दुसरे साहेब येणार होते. बाईवर जबरदस्ती करून तुरुंगात गेलेला त्यांचा माणूस सुटला, तेव्हा यांनीच त्याला हार घातला. नातीनं मोबाइलवर दाखवलं. दोनदा पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसाला असा हार घालताना हसू कसं येतं, ते कळेना.

मग त्यांच्या पक्षाचा कार्यकर्ता दारात आला.

"आजी, या टायमाले तुमीच ओवाळा. साहेब विधवेच्या हातून ओवाळून घेतात, हे टीव्हीवर लय चांगलं दिसते."

"अन् तो अपशकुन? म्हातारा होऊन मेला काय?"

नात हसली. तो नाही हसला.

"नात आदिलाबादले कालेजात जाते ना? बसनं? एकटीच?"

खोटं काऊन सांगू, होकार जिभेवर आला होता. मी दाराची चौकट धरली. नात माझ्याकडंच पाहत होती. तिचं हसू गेलं होतं.

"नाय ओवाळत," मी म्हटलं. आवाज चिरकला. "त्या माणसाले हार घालणाऱ्याच्या कपाळाले माझा हात नाय लागणार. जाऊन सांग."

साहेब आले, गेले. ओवाळायला दुसरी सापडली. भेव मात्र गेलं नाही. दारापुढं मोटारसायकल हळू झाली, तरी छाती धडधडते.

आता रोज नातीसंगं बसनं जाते. खिडकीकडं ती, वाटेकडं मी. ती विचारते, "आजी, कोणी अडवलं त तू काय करशीन?" मारामारी तर माझ्यानं होणार नाही. पण कोणी विचारू दे, म्हातारी रोज कुठं चालली. सगळ्या बसला ऐकू जाईल असं सांगीन. धमकी देणाऱ्याचं नाव घेऊन. त्याच्या साहेबाचंही.