केशरी पोलकी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारण लागत नसे. कुणी विचारतच नव्हतं. पण आमच्या लालबागच्या चाळीतली जुनी माणसं अजून कुठे लग्नाकार्यात भेटली की कुणाच्या फजितीवर हसताना म्हणतात, 'केशरी पोलकी झाली की रे.' मीही हसतो. त्या पोलक्यांचा दोष ज्या बाईवर आला, ती माझी वहिनी. तिचा काडीचाही दोष नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

वहिनी मालवणाकडची. दादा गिरणीत साच्यावर विणकर. लग्नानंतर दोनेक वर्षांत तिने जुनं शिवणयंत्र मिळवलं आणि चाळीतल्या बायकांची पोलकी, मुलींचे परकर-झगे शिवायला लागली. शिवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या. कापड ओळखणारी ती एकटी. ताक्याचा कोपरा मुठीत चुरगाळून सोडायची आणि घडी किती मोडते ते बघायची. मग दोन नखांत घासून खळ पडते का ते बघायची. खळ झडली की आतलं कापड जाळीसारखं विरळ निघतं, हे तिने मला दाखवलं होतं. पन्हा हाताने मापायची आणि तिथेच मनात कातरायची. दादा म्हणायचा, "आम्ही विणायचं आणि हिने आमची लाज काढायची."

ऋतूही तिला कापडातूनच कळायचे. संक्रांत आली की काळं हवंच, पण निव्वळ काळं तिला नको असे. बारीक पांढरा ठिपका असला तर ते पुढे उन्हाळ्यातही चालतं. चैत्रात पातळ वायल. पावसाळ्यात गॅलरीतल्या दोरीवर एका दुपारीत वाळेल तेच. दिवाळीला चमक, तीसुद्धा काठापुरती. नवी फॅशन आधी गिरगावात दिसायची, मग दादरला, आणि आमच्याकडे येईतो ती जुनी झालेली असायची. वहिनीला हे मान्य नव्हतं. महिन्यातून एकदा ती गिरगावात मावशीकडे जायची आणि रस्त्यावरच्या बायकांच्या बाह्या बघून यायची. फुग्याची बाही खांद्यावर किती चुण्यांनी बसवली आहे, गळा पाठीला किती उतरला आहे, सगळं डोळ्यांत भरून आणायची आणि घरी आल्या आल्या वर्तमानपत्रावर कातरायची.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. दादा पाळीवरून आला की मोर्चाला, नाहीतर सभेला. आल्यावर वर्तमानपत्र शोधायचा.

"माझा अग्रलेख कुठे गेला?"

"बाहीत," वहिनी यंत्रावरून मान वर न करता सांगायची. "डाव्या."

मी तेव्हा कॉलेजात होतो, आमच्या घरातला पहिलाच. मला तिच्या हाताचं कौतुक होतं. तिने शिवलेला माझा सदरा वर्गातल्या मुलांनी कुठल्या शिंप्याकडचा म्हणून विचारला, तेव्हा मी गिरगावातल्या एका दुकानाचं नाव ठोकून दिलं होतं. एवढ्यावरून माझी तेव्हाची अक्कल कळेल.

मग राज्य झालं. चाळीने मिरवणूक ठरवली आणि मुलींचं लेझीम. पांढरे परकर शाळेमुळे सगळ्यांकडे होतेच. पोलकी एकसारखी केशरी करायची ठरली. काम अर्थात वहिनीकडे. तिला तेव्हा दिवस गेले होते, भर उन्हात दादरपर्यंत जाणं नको म्हणून तिने मला पाठवलं. एरवी ती प्रत्येक कापड रात्रभर भिजवून, वाळवून मगच कातरीला घ्यायची. या वेळी सवड नव्हती. म्हणून तिने स्वतः दुमडून शिवलेला एक पांढरा रुमाल माझ्या हातात दिला. दुकानात रुमालाचं टोक ओलं करायचं आणि ताक्यावर घासायचं. रुमालाला रंग लागला तर तो ताका सोडून दुसरा बघायचा.

"भावजी, कापडाक तोंड नसता," ती म्हणाली. "पाणी लागला की ता बोलता."

दादरच्या दुकानात केशरी वायल मिळाली. सुरेख रंग, हाताला मऊ. मी रुमाल काढला आणि प्यायला पाणी मागितलं. दुकानदाराने रुमाल बघून माझा बेत ओळखला. म्हणाला, "घेणार आहात की इथेच धुणार?" पलीकडे माझ्या वर्गातल्या दोन मुली साडीचे रंग बघत होत्या. त्या हसल्या. माझ्यावरच हसल्या की आपापसांत, कोण जाणे. मी रुमाल खिशात कोंबला, कापड बांधून घेतलं आणि बाहेर पडलो.

वाटेत नळ होता. तिथे मी रुमालाचं टोक भिजवलं, पिळलं.

घरी वहिनीने तो रुमाल दारातल्या उजेडात धरला, उलटा करून पुन्हा धरला. पांढराशुभ्र. "रंग पक्को आसा," ती समाधानाने म्हणाली आणि कातर उचलली.

पोलकी देखणी झाली होती हे कुणी नाकारणार नाही. फुग्याच्या बाह्या, त्यांना आतून बारीक पट्टी, प्रत्येक मुलीच्या अंगावर स्वतःची वाटावी अशी बेतलेली. मिरवणूक निघाली तेव्हा गॅलऱ्यांतून बायका ती पोलकीच बघत होत्या. मग लेझीम रंगात आलं, ऊन चढलं, मुली घामाघूम झाल्या. आधी काखेत, मग कमरेवर केशरी ओघळ उतरले आणि पांढरे परकर डागाळले. एक मुलगी रडायला लागली. तिची आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हिला म्हणे कापडातलं कळतं."

वहिनी जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारीच उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चूक माजीच," ती त्या बाईला म्हणाली. "भिजवूक व्हया होता."

त्या गणपतीला तिच्याकडे शिवायला कुणी आलं नाही. दिवाळीलाही नाही. यंत्रावर जुनं लुगडं पडलं आणि त्यानंतर ते फक्त घरच्यांसाठी उघडलं जाई. मोर्चांत घसा फोडणारा दादा घरात या विषयावर गप्प बसला. मी तर बसलोच. गिरगावच्या खेपा मात्र तिने थांबवल्या नाहीत. माझ्या बायकोची लग्नातली पोलकी तिने शिवली, इतकी नेटकी की मांडवात बायका पाठीमागून येऊन गळ्याची शिवण बघत होत्या. शिवून कुणी मागितलं नाही.

शेवटची काही वर्षं ती गावी होती. मी मुद्दाम गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ करत होतो. तिला नीट दिसत नव्हतं. मी जवळ बसलो तशी तिने माझ्या सदऱ्याची बाही दोन नखांत धरून घासली.

"ह्या सूत नाय, भावजी. घेताना पाण्यात घालून बघितलात?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "बघितलं नाही."

ती सदऱ्याचंच विचारत होती. तिला हसू आलं. "मगे धुताना जपा," म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. चहा झाला, पोरांच्या चौकशा झाल्या, माझ्या गाडीची वेळ झाली.

वहिनी, तो रुमाल मी ताक्यावर घासलाच नव्हता, नळावर भिजवून आणला होता, मला माफ कर, एवढंच वाक्य होतं. पाठही झालं होतं.