पणजोबांवरचा विषप्रयोग

लग्न होऊन खर्ड्याजवळच्या या घरात आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला भाजीचा पहिला घास खायला लावला. मला वाटलं, केवढं हे कौतुक. मग कारण कळलं. इंग्रजांच्या काळात सासऱ्यांच्या पणजोबांना त्यांच्या पहिल्या बायकोने भाजीतून धोतऱ्याचं बी घातलं होतं म्हणे. तीन दिवस ते हवेतले धागे ओढत होते आणि बैलाला रामराम घालत होते. वाचले. बायकोला मात्र माहेरी हाकललं. तेव्हापासून या घरात सुनेने आधी खायचं आणि ती जगली तर बाकीच्यांनी जेवायचं. बावीस वर्षं मी रोज खाते आणि रोज जगते.

मध्यंतरी कुणबी नोंद शोधायला सासऱ्यांनी पेटीतले मोडी कागद काढले. जामखेडच्या एका निवृत्त गुरुजींनी ते देवनागरीत उतरवून दिले. नोंद सापडली नाही. त्या बाईची फौजदारासमोरची जबानी तेवढी सापडली. मी शाळेत शिकवते, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं.

जबानीत तिने सांगितलं होतं, की तिच्या नवऱ्याला दमा होता. वैदूने धोतऱ्याच्या बियांची पूड चिमूटभर घ्यायला सांगितली होती; लवकर गुण यावा म्हणून याने मूठभर घेतली. भाजी तिनेही खाल्ली होती, तिला काहीच झालं नव्हतं. त्याच कागदावर खाली शुद्धीवर आलेल्या नवऱ्याचीही जबानी होती. पूड आपणच घेतली, बायकोविरुद्ध तक्रार नाही.

"खोटं असंल हे," सासरे म्हणाले. एरवी सरकारी कागद त्यांना देवासारखा.

त्यांची अडचण समजण्यासारखी होती. पणजोबांनी बरं झाल्यावर महिन्याच्या आत दुसरी केली, हे घरात अभिमानाने सांगतात. सासरे, माझा नवरा, सगळे त्या दुसरीचे वंशज. एवढं मोठं खानदान एका मूठभर पुडीवर उभं आहे, हे कुणाला आवडेल?

सासूबाई ज्वारी पाखडत होत्या. सून म्हणून त्यांनीही त्यांच्या काळात तो घास खाल्ला होता.

"मग तिला परत का न्हाई आनलं?" त्यांनी विचारलं.

"लई जुनं हाय ते. आता कशाला?"

"आता इचारतेय मी."

सासऱ्यांनी कागदासाठी हात पुढे केला. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "ती काय बोलली तेवढं परत वाच. सावकाश."

मी वाचलं. सासरे उठून गोठ्याकडे गेले. त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या.