भटारखान्याचं झाकण

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. कवळीवाल्यांचं भरलं, आणि चांगलं एकोणचाळीस वर्षं भरलं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे बसून ते लोकांच्या कवळ्या घडवायचे. नाव डॉक्टरांचं व्हायचं. रस्त्यात कुणी प्रतिष्ठित माणूस तोंड भरून हसला की कवळीवाले मनात म्हणायचे, वरची डावी दाढ जरा अजून घासायला हवी होती.

निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यांचे हात घरभर फिरत राहिले. चमच्यांच्या दांड्या घासून झाल्या, शर्टांची बटणं घासून झाली. एक दिवस बायकोच्या चष्म्याची काडी 'जरा ओबडधोबड वाटते' म्हणून त्यांनी इतकी नीट केली की ती तुटली.

"अहो, हातांना काहीतरी काम द्या," बायको म्हणाली, "नाहीतर हे घर झिजून संपेल."

रद्दीच्या दुकानात त्यांना तीन शिडांच्या जुन्या जहाजाच्या नकाशांची गुंडाळी मिळाली. जहाजाशी त्यांचा संबंध एवढाच की लग्नानंतर एकदा नदीपलीकडे जायच्या होडीत बसले होते आणि मध्यावर पोचायच्या आत त्यांनी सकाळचं सगळं खाल्लेलं नदीला अर्पण केलं होतं. पण नकाशातलं जहाज हलत नव्हतं. हे त्यांना फार आवडलं.

साठ फुटांच्या जागी एक फूट, असं माप धरून त्यांनी काम सुरू केलं. दातांची सगळी हत्यारं होतीच: कोरण्या, आकडे, सुईएवढं टोक असलेलं गिरमिट. लाकूड म्हणून जुन्या शाळकरी फूटपट्ट्या, कारण त्यांचे रेषे बारीक असतात. शिडांचे दोर ताणून धरायला तीन भोकांच्या गोल चकत्या लागतात. प्रत्येक चकती मसुराच्या डाळीएवढी, आणि अशा एकशे सोळा. सुकाणूचं चाक आठ आऱ्यांचं. त्यातला सातवा आरा बसवताना पहिला मोडायचा. हे पाच वेळा झालं. सहाव्या वेळी चाक उभं राहिलं तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. काय आहे?"

घरात झाडू मारण्यावर बंदी आली. नंतर तडजोड झाली. झाडू मारायचा, पण केर भिंगाखाली तपासल्याशिवाय टाकायचा नाही. एकदा नांगर हरवला. दोघं चार दिवस गुडघ्यांवर होती. पाचव्या दिवशी तो बायकोच्या चपलेत, तिच्या टाचेला टोचून सापडला.

"बरं झालं," ती म्हणाली, "निदान मी तरी जागच्या जागी थांबले."

अशी सहा वर्षं गेली. जहाज जवळजवळ झालं होतं. आलेगेले लोक कौतुक करत, पण ते सगळे काडेपेटीच्या काड्या मोजणारे. "हे काड्यांचं आहे का?" विचारत आणि "नाही" म्हटलं की त्यांचा रस संपे. कवळीवाल्यांना कळणारा माणूस हवा होता.

तो आला. बायकोचा मोठा भाऊ बत्तीस वर्षं मालवाहू जहाजावर नोकरी करून परतला आणि दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहू लागला. बायको त्याला दादा म्हणे, म्हणून कवळीवालेही दादाच म्हणत. दादांची पत्रं इतकी वर्षं यायची. प्रत्येकात तीन ओळी: हवा बरी आहे, तब्येत बरी आहे, सगळ्यांना नमस्कार.

दादा येणार त्या दिवशी कवळीवाल्यांनी रंगाच्या मऊ कुंचल्याने जहाजावरची धूळ काढली आणि स्वतः नवा शर्ट घातला. दादा खुर्ची ओढून जहाजासमोर बसले. चष्मा लावला. पुढून बघितलं, मागून बघितलं. कवळीवाल्यांचा जीव टांगणीला लागला.

"दोर बरोबर आहेत ना, दादा?"

"दोरांचं मला काय विचारता? शिडाची बोट मी कॅलेंडरवरच बघितली आहे. आमची इंजिनवर चालायची." दादांनी बोट पुढे केलं. "इथे स्वयंपाक कुठे करायचे?"

कवळीवाल्यांनी मधल्या छोट्या खोलीकडे बोट दाखवलं. "हा भटारखाना."

"आत काय आहे?"

"आत काही नाही. नकाशात नुसता चौकोन आहे, त्यावर भटारखाना असं लिहिलंय."

दादा मागे टेकले. "भाऊजी, मी बत्तीस वर्षं त्या चौकोनात होतो. समुद्र बघायला मला वेळच मिळाला नाही. एवढ्या बोटीवर सत्तर तरी माणसं असतील. चौथ्या दिवशी उपाशी मरतील."

"माणसं नाहीयेत त्यात."

"मग बरोबर आहे," दादा म्हणाले. "गेली असतील."

कवळीवाले दोन आठवडे दातओठ खात बसले. बायकोजवळ म्हणाले, "सुकाणूचं चाक बघितलं का त्यांनी? आठ आरे आहेत. विचारतात काय, तर चूल." बायकोच्या मते सहा वर्षांत त्या जहाजाबद्दल विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न होता.

पंधराव्या दिवशी सकाळी त्यांनी पातळ करवत घेतली आणि स्वतःच्या हातांनी डिंकाने घट्ट बसवलेलं भटारखान्याचं छप्पर कापून काढलं. खालची फळी तडकली. दोन शिडांचे दोर सोडावे लागले. आठ महिन्यांचं काम एका सकाळी मोकळं झालं. मग त्यांनी वहाणा घातल्या आणि दादांना बोलवायला गेले.

तेव्हापासून दर बुधवारी दादा येऊन बसू लागले आणि सांगू लागले. फळ्यांना पुढे काठ हवा, नाहीतर डबे डोक्यात पडतात. डाव टांगायचे आकडे आतल्या बाजूला वळलेले हवेत. सुरी टेबलावर नाही, खाचेत. दाराचं खालचं अर्धं बंद राहायला हवं, म्हणजे वाढायला उभं राहता येतं आणि पाणी आत येत नाही. कवळीवाले एकेक गोष्ट घडवत. डाव तांदळाच्या दाण्याहून छोटा. पहिल्या वाटीला काठ जाड आला, तेव्हा दादा म्हणाले, "यातून ओतताना सांडेल." वाटी परत झाली. एकोणचाळीस वर्षांत दातांच्या डॉक्टरांनीही एवढं परत पाठवलं नव्हतं.

एका बुधवारी बायको चहा ठेवायला आली आणि कामापाशी थांबली.

"हा ओटा किती उंच?"

"सोळा मिलिमीटर."

"आणि स्वयंपाकी?"

कवळीवाल्यांनी मापाला उभी केलेली काडी दाखवली. तिने काडी ओट्याशी धरली. "खांदे वर करून भाजी चिरावी लागेल याला. महिन्याभरात मान जाईल."

दादांनी बघितलं. "बरोबर बोलतेय."

कवळीवाल्यांनी ओटा काढला, कानशीने दोन मिलिमीटर उतरवला, पुन्हा बसवला. पुन्हा काडी धरली. आता ठीक झालं. बायको बघत राहिली.

"आपला ओटा तुम्ही कधी मोजला होता का?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी होती. "चौतीस वर्षं मी खांदे वर करूनच चिरते."

दादांनी चहाचा कप उचलला आणि त्यात बघत राहिले. दुसऱ्या दिवशी कवळीवाल्यांनी घरचा ओटा मोजला. तिच्या मानाने तीन इंच जास्त होता. ओटा काही कानशीने उतरत नव्हता, म्हणून त्यांनी तिला उभं राहायला एक फळीचा पाट केला. एका केसाचाही फरक न सोडणाऱ्या माणसाने केलेला तो पाट तीनच पायांवर टेकायचा. बायकोने चौथ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली आणि त्यावर उभी राहून स्वयंपाक करू लागली. मान दुखायची थांबली, असं तिने भावाला सांगितलं, नवऱ्याला नाही.

चूल शेवटी राहिली. दादा म्हणाले, "चुलीला चारी बाजूंनी कठडा. पातेलं हललं तरी बाहेर पडता कामा नये."

"नकाशात नाहीये."

"घाला."

"किती उंच घालू?"

दादांनी उत्तर द्यायच्या ऐवजी उजव्या पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीपासून घोट्यापर्यंत कातडी चुरगळलेल्या कागदासारखी होती. "आमच्याकडे चार बोटांचा होता," ते म्हणाले. "सहा बोटं हवा होता. उकळतं पाणी होतं. वादळ काही फार मोठं नव्हतं."

बायको दारात होती. "हे कधी झालं?"

"झालं. तू लग्न होऊन इकडे आलीस त्याच्या चौथ्या वर्षी."

"तू लिहिलं होतंस, तब्येत बरी आहे."

"पत्र लिहिलं तेव्हा झाली होती बरी. चार महिने हात लागला नव्हता लेखणीला."

ती आत निघून गेली. मग ती तेलाची वाटी घेऊन आली, खाली बसली आणि इतक्या वर्षांपूर्वी भाजलेल्या त्या पायाला तेल चोळू लागली. "आता काय उपयोग," दादा म्हणाले. पण त्यांनी पाय काढून घेतला नाही. कवळीवाले मान खाली घालून कठडा कोरत होते. सहा बोटं म्हणजे साठाव्या हिश्शात दोन मिलिमीटरही नाही. त्यांनी तो चार वेळा मोजला.

भटारखाना पुरा झाला तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. छप्पर बसवलं की आतलं काहीच दिसणार नव्हतं. अर्ध्या दारातून भिंगाने बघितलं तर कठड्याचा एक कोपरा आणि डावाची दांडी, बस. कवळीवाल्यांनी सुचवलं की छप्पर उघडं ठेवू, लोकांना बघता येईल.

"आणि पाऊस आला तर?" दादांनी विचारलं.

छप्पर बसलं.

वाचनालयाच्या सभागृहात हौशी कारागिरांचं प्रदर्शन होतं. तिघांनी मिळून जहाज तिथे नेलं. धूळ लागू नये म्हणून काचवाल्याकडून पेटी करून घेतली होती. परीक्षक म्हणून चित्रकलेच्या निवृत्त बाई आल्या. त्यांनी जहाजाभोवती एक फेरी मारली.

"पाण्यात तरंगतं का?"

"नाही," कवळीवाले म्हणाले. "बुडेल."

"काड्यांचं आहे?"

"नाही."

पहिलं बक्षीस काडेपेटीच्या नऊ हजार काड्यांच्या घड्याळाच्या मनोऱ्याला गेलं. त्यात दिवा लागत होता. घड्याळ मात्र बंद होतं. जहाजाला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं होतं: 'काचपेटीच्या सुबक मांडणीबद्दल.'

कवळीवाल्यांनी ते दोनदा वाचलं आणि बायकोकडे दिलं. बायकोने दादांकडे दिलं. दादांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "काचवाल्याला नेऊन द्यायला हवं. त्याचं आहे."

आणि खरंच त्यांनी येताना ते काचवाल्याला दिलं. काचवाल्याने ते दुकानात, गल्ल्याच्या वर लावलं. तिथे ते अजून आहे.

कवळीवाल्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. तीन दिवस त्यांनी हत्यारांना हात लावला नाही. चौथ्या दिवशी बुधवार होता. दादा आले ते काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन. ती जमिनीवर पसरली तर आत पेन्सिलीने काढलेला एक वेडावाकडा चौकोन होता. त्यांच्या स्वतःच्या जहाजाचा भटारखाना, आठवणीतून, पावलांनी मोजलेला. चूल कुठे, पाण्याची टाकी कुठे, सगळं होतं.

"बाकीचं जहाज?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही. तुम्ही बाहेरून काय लावायचं ते लावा."

बायको पाटावरून उतरून आली, कागदावर वाकली आणि पेन्सिल मागितली. "हे दार चुलीच्या एवढं जवळ कसं?"

"तसंच होतं," दादा म्हणाले.

"तसंच होतं म्हणून तसंच करायचं?"

दोघं भावंडं वाद घालू लागली. कवळीवाल्यांनी चष्मा पुसला, एक जुनी फूटपट्टी शोधून काढली आणि दार कुठे ठरतंय याची वाट बघत बसले.