गेलेल्यांना हाक मारणारे भोयेदादा

मिस्टर गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे पांगले, आणि पुढच्याच मंगळवारी सकाळी नऊ वाजता मिस्टरांना न्यायला गाडी आली.

फाटकाशी तीनदा हॉर्न वाजला. मग खणखणीत हाक आली, "साळवेभाऊ, चला!" माझ्या हातातलं फडकंच गळून पडलं. पडद्याआडून पाहिलं, तर आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची पांढरी व्हॅन. ती चालवणारे भोयेदादा खाली उतरले, दार सरकवलं आणि कुणी चढतंय अशा बेतानं बाजूला होऊन उभे राहिले. आत म्हातारी मंडळी दाटीवाटीनं बसलेली, पण खिडकीजवळची ह्यांची जागा रिकामी. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. दोन मिनिटांनी दादांनी दार अलगद लावलं, कुणाचं बोट सापडू नये इतकं अलगद, आणि गाडी गेली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत ही गाडी दर मंगळवारी फिरते. मुलं परगावी, गुडघे निकामी, अशांना दवाखाना, बँक, भाजीबाजार आणि शेवटी तासभर बाग. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून मिस्टर न चुकता जायचे. मी कधीच गेले नाही. पस्तीस वर्षं शाळेत पोरं सांभाळली, आता म्हाताऱ्यांची सहल कोण करतंय, असा माझा तोरा! भोयेदादा मूळचे हरसूलकडचे, अंगानं काटकुळे, साठीला टेकलेले. "गाडी माझी नाय, बसनाऱ्याची हाय," एवढंच त्यांचं बोलणं मिस्टरांकडून माझ्या कानावर आलेलं.

वाटलं, चुकून आले असतील. पण पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. तीन हॉर्न, हाक, उघडं दार. एकदा तर हाक आली आणि पॅसेजमध्ये ह्यांच्या चपला सरकल्याचा आवाज झाला, शपथेवर सांगते. चपला मी केव्हाच देऊन टाकल्या होत्या. मग मला भीतीपेक्षा राग यायला लागला. हाक आली की मी खिडकी धाडकन आपटायची. दादा मान हलवायचे आणि निघून जायचे. तेव्हा मी दार कुणालाच उघडत नसे. मुलीचा फोनही वाजून वाजून थांबायचा. आठवड्यात जिवंत माणसाला उद्देशून मी काही करत असेन, तर तेवढी ती खिडकी आपटायची.

पावसाळ्यात एका मंगळवारी पहाटे मी बाथरूममध्ये घसरले. मांडी हलेना, घशातून आवाज फुटेना. गार फरशीवर पडल्या पडल्या उजाडलं. नऊ वाजता हॉर्न. "साळवेभाऊ, चला!" दार सरकल्याचा आवाज आला. आता ते लागेल, गाडी जाईल, आणि पुढचा मंगळवार काही मी बघत नाही, हे मला लख्ख कळलं. आणि इंजिन बंद झालं. इतक्या महिन्यांत ते कधीच बंद झालं नव्हतं. त्या शांततेत मला वाटलं, मिस्टर खरंच आले मला न्यायला.

स्वयंपाकघराचं मागचं दार तुटल्याचा आवाज झाला आणि भोयेदादा माझ्यावर वाकले. "बाई, आज खिडकी आपटली नाय तुमी."

दवाखान्यात ते भेटायला आले तेव्हा मी विचारलंच, "मेलेल्या माणसाला हाका मारता, वेड लागलंय का हो तुम्हाला?"

"मेलेल्याला कोन हाक मारतंय? तुमच्या नावानं हाक मारली असती तर तुमी आल्या असता?"

"नाही."

"मंग? गेलेल्याचं नाव घेतलं का आतलं मानूस चिडतं. चिडलं म्हंजे जित्तं हाय."

चालायला लागल्यावर त्यांनी फाटकाशी माझ्यापुढे गाडीत बसणाऱ्यांच्या नावांची यादी धरली. "नाव मी कापत नाय बाई. घरच्यानं कापायचं." मी मिस्टरांच्या नावावर रेघ मारली, खाली माझं लिहिलं, आणि गाडीत बसून लहान पोरासारखी रडले. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी न विचारता माझ्या हातात आवळासुपारी ठेवली. त्या दिवशी बागेत मी कित्येक महिन्यांनी हसले. पुढची पाच वर्षं माझा आठवडा मंगळवारी सुरू व्हायचा. गाडीत भांडणं, टोमणे, रेसिपी, सुनांची गाऱ्हाणी, सगळं चालायचं. दादा आरशातून बघत म्हणायचे, "भांडा, भांडा. गप बसलात का मला भ्याव वाटतं."

गेल्या माघातल्या एका मंगळवारी नऊ वाजले, सव्वानऊ वाजले, गाडी नाही. मी फाटकाशी उभी राहून चरफडले. फोन लावला, उचलला नाही. "सांगायची पद्धत नाही माणसाला," असं म्हणून मी आत गेले आणि पोहे केले. बाकीचे आठ जणही आपापल्या फाटकावरून असेच आत गेले.

भोयेदादा रविवारीच गेले होते, खोलीत एकटे. गुरुवारी घरमालकाला शंका आली, तेव्हा कळलं. मंडळाच्या सेक्रेटरीनं मला फोन करून सांगितलं तेव्हा मी चप्पल घालून तशीच धावत रस्त्यावर आले, रिक्षा थांबवली, आत बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायचं, आजी?" आणि मला सांगता येईना. पाच वर्षांत दादा राहतात कुठं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.