अँटॉप हिलचं काचेचं कॅबिनेट

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. तिथली मशीनं रक्ताच्या रिपोर्टांपलीकडे काही करत नाहीत. लालबागला घरी माझं स्वतःचं मशीन आहे, तेही आता जुनं झालंय. तरीही गेली काही वर्षं मी एका ऑनलाइन ग्रुपवर आहे. महागड्या गेमिंग मशीनचं वेड असलेली आमच्या भागातली माणसं तिथे टोपणनावांनी बोलतात.

बाजारात नवं ग्राफिक्स कार्ड आलं की ग्रुपवर काय होणार हे मला आधीच माहीत असतं. कोणीतरी फोटो टाकतो. दुसरा लिहितो, ‘वेडे झालेत हे लोक. एवढं कोणाला लागतं?’ अर्ध्या तासाने तोच विचारतो, ‘याची लांबी किती आहे रे? माझ्या कॅबिनेटमध्ये बसेल का?’ घ्यायची ऐपत कोणाचीच नसते, पण दोष सगळ्यांना दिसतात. मी एका ओळीत टोमणे मारायचो आणि त्यासाठीच ओळखला जायचो.

एका दुपारी तिथे एक अनोळखी माणूस आला आणि त्याने चार फोटो टाकले. तीन बाजूंनी काच असलेलं मोठं कॅबिनेट, आत सर्वात वरच्या दर्जाचं कार्ड, आणि आतले भाग थंड ठेवण्यासाठी पारदर्शक नळ्यांमधून फिरणारं रंगीत पाणी. एका बाजूला हळदीचा रंग, दुसऱ्या बाजूला शेवाळी. नळीचं प्रत्येक वळण काटकोनात. खाली एकच ओळ होती : ‘आज काम पूर्ण झाले. चुका असल्यास कळवाव्यात.’

ग्रुप दोन दिवस दुसरं काही बोलला नाही. काहींनी नुसते हात जोडले. कोणी वळणं मोजली. कोणी म्हणाला रंग भडक आहेत. मी लिहिलं, ‘एवढं पाणी आहे तर मासे सोडा. काहीतरी उपयोग होईल.’ त्यावर खूप हसले सगळे. त्या माणसाने उत्तर दिलं, ‘सूचना नोंदवली. आभार.’ त्यावर तर आणखीच हसले.

महिन्याभराने त्याचा निरोप आला. एका जोडातून पाणी झिरपतंय, अँटॉप हिलला कोणी येऊन बघू शकेल का. पत्ता दिला होता, वेळ दिली होती. ग्रुपवरून कोणी पुढे आलं नाही. ते मशीन प्रत्यक्ष बघायची मला उत्सुकता होती, मदतीचा विचार त्यानंतरचा. शनिवारी लॅब सुटल्यावर मी गेलो.

सरकारी वसाहतीतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार उघडणारा माणूस साठीला टेकलेला होता. एका सरकारी कार्यालयात लघुलेखक, दोन महिन्यांत निवृत्त होणार. लग्न केलं नव्हतं. सोबत मोठी बहीण, तीही एकटीच. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. मला पाहून भावाला म्हणाली, “त्यांका पानी दी आधी.”

घरातल्या एकुलत्या एक टेबलावर ते कॅबिनेट होतं. फोटोत दिसलं त्याहून मोठं. दोघं जेवायला जमिनीवर बसत असणार, कारण दुसरी जागाच नव्हती. मी जवळ गेलो. वाकून मागची वायरिंग पाहिली. पुढून जितकं नीट होतं तितकंच मागूनही होतं. मला थोडा हेवा वाटला, तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

दोष साधा होता. खालच्या जोडातली रबरी रिंग बसवताना चिमटली होती. पाणी काढलं, रिंग बदलली, पुन्हा भरलं. मग नुसता पंप चालू ठेवून प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर गुंडाळला. आता दोन-तीन तास वाट बघायची, कागद कोरडा राहिला तर काम झालं.

“यावर खेळता काय?” मी विचारलं.

“ट्रक चालवतो,” ते म्हणाले. “युरोपभर माल पोचवायचा असतो. सिग्नल पाळायचे, वेगमर्यादा पाळायची.”

“ह्यो चालवता, मी रस्तो सांगतंय,” बहीण म्हणाली. मग माझ्यासाठी भाषा बदलून पुढे बोलली, “परवा आम्ही नॉर्वेला होतो. बर्फ होतं. काय तो रस्ता, बाजूला सगळा समुद्र. जुन्या कॉम्प्युटरवर नुसतं पांढरं दिसायचं. आता झाडं वेगळी दिसतात.”

तिचे गुडघे गेले होते. दवाखान्याचं सोडलं तर चार वर्षांत ती जिना उतरली नव्हती. हे तिने सांगितलं नाही, तिने चहा करायला उठायचा प्रयत्न केला तेव्हा भावाने सांगितलं.

चहा पिताना त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. ग्रुपवर त्यांच्या मशीनबद्दल आलेलं सगळं त्यांनी टाइप करून ठेवलं होतं. तीन रकाने : अभिप्राय, देणाऱ्याचे नाव, केलेली कार्यवाही. ‘रंग भडक’ यापुढे लिहिलं होतं, ‘भगिनीची पसंती, बदल नाही.’ मी पान उलटलं. माझी ओळ तिथे होती, माझं टोपणनाव होतं, आणि पुढे : ‘मासे. शक्य नाही. द्रवात रसायन असल्याने जगणार नाहीत.’

मी फाइल मिटून ठेवू शकलो असतो. पण समोर दोघंच होती, आणि दोघांनी मला चहा दिला होता.

“हे मी लिहिलं होतं,” मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. रागावले असावेत असं वाटलं, पण तसं नव्हतं. “बरं झालं भेटलात. मला विचारायचंच होतं. तुम्ही वेगळी टाकी गृहीत धरली होती का? मी आठवडाभर वाचत होतो. मला काही जमेना.”

“नाही. मी चेष्टा केली होती.”

“असं होय,” ते म्हणाले. पेन काढून त्या ओळीपुढे त्यांनी काहीतरी लिहिलं. काय ते मी वाचलं नाही. बहीण खिडकीबाहेर बघत होती. ऐकत नव्हती असं काही म्हणता येणार नाही.

कागद कोरडे राहिले. निघताना त्यांनी मला खाली फाटकापर्यंत सोडलं.

त्या रात्री मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की मशीन पाहून आलो आणि काम आपल्यापैकी कोणाहीपेक्षा स्वच्छ आहे. टोमणे थांबले नाहीत, पण त्यांच्या बाबतीत थांबले. दोन महिन्यांनी त्यांचा निरोप आला : निवृत्ती झाली, क्वार्टर सोडायचं आहे, बदलापूरला तळमजल्यावर घर घेतलं आहे, मशीन सुरक्षित उतरवण्यासाठी मार्गदर्शन हवं. या वेळी मी धरून चौघं जण गेलो. एक दादरचा वकील, एक फणसवाडीत राहणारा चष्म्याच्या दुकानातला, आणि एक पोस्टात काम करणारा. तिघांनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि कॅबिनेटसमोर ओळीने उभे राहिले. वकील हळूच म्हणाला, “फोटोत कळत नाही रे हे.”

आम्ही पाणी काढलं, कार्ड वेगळं केलं, कॅबिनेटला गोधड्या गुंडाळल्या. सगळं तयार झाल्यावर लक्षात आलं की बहिणीला खाली कसं न्यायचं याचा आमच्यापैकी कोणी विचारच केलेला नाही. भावाने दोन माणसं सांगितली होती, ती आली नव्हती.

“आधी त्यांना नेऊ,” पोस्टातला म्हणाला.

प्लास्टिकची हात असलेली खुर्ची घेतली. चौघं चार पायांना. कोण पुढे, कोण मागे, वळणावर खुर्ची किती अंशात फिरवायची यावर आम्ही ग्रुपवर घालतो तसाच वाद घातला. ती शांत बसून होती. “उतरल्यावर भांडा,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावर तिने थांबायला सांगितलं. आम्ही खुर्ची टेकवली. समोरच्या घरात काही महिन्यांपूर्वी बदली होऊन आलेलं कुटुंब राहत होतं. त्या घरातल्या बाईचा आवाज ती रोज ऐकायची, चेहरा पाहिला नव्हता. तिने बेल वाजवायला लावली. हाताला कणीक लागलेली एक तरुण बाई दारात आली.

“मी वरची,” ती म्हणाली. “आज जातेय. म्हटलं एकदा बघून घ्यावं.”

ती बाई हात पुसत बाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवरच बसली. मुलाचे पाढे पाठ झाले का, नळाला पाणी किती वाजता येतं, गावी कोण असतं, असं दोघींचं सुरू झालं. टेम्पोवाला खालून हॉर्न देत होता. भाऊ वर कॅबिनेटपाशी थांबले होते, तिथून त्यांनी विचारलं, “काय झालं?”

“काही नाही,” वकील म्हणाला. “बोलतायत.”

आम्ही चौघं कठड्याला टेकून उभे राहिलो. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग बहिणीने आमच्याकडे बघून मान हलवली, आणि आम्ही पुन्हा खुर्ची उचलली.