रामटेके बाईंनी ठेवलेलं दुसरं पुण्यानुमोदन

रामटेके बाई वर्गात शिकवता शिकवता मध्येच थांबत आणि मोहफुलांचा वास घेत. बाहेर श्रावण असो की पौष, मोहाला फूल नसलं तरी. मुलचेऱ्याच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत, मी मराठी. पोरांना सवय झाली होती, ती गप्प बसत. मिनिटभरानं बाई अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करत.

नवरा वारला त्याच वर्षी बाईंना मेंदूचा मलेरिया झाला. त्यातून उठल्या, तेव्हापासून हे सुरू झालं. वास आला की पाठोपाठ नवरा शेजारी येऊन उभा राहतो, असं त्यांनी मला एकदा अगदी सहज सांगितलं. शेजारणी म्हणत, झाडफूक करणाऱ्या पुजाऱ्याला दाखवा. "पुजारी कायले? मेंदूतच काहीतरी होऊन राह्यलं," बाई म्हणत, पण डॉक्टरकडेही जात नसत.

शेवटी एकदा स्टोव्हजवळ पडून हात भाजला, तेव्हा मुलीनं त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मलेरियानं मेंदूत व्रण राहिलाय, हे त्याचेच झटके. गोळ्यांनी थांबतील.

मला त्या डॉक्टरचा रागच आला. "म्हणजे तो फक्त एक व्रण होता?" बाई परत आल्यावर मी त्यांना म्हणालो.

"'फक्त' काऊन म्हनता, सर? ते जिते होते तवाबी मले याच मेंदूतून दिसत होते. तवा तुमी 'फक्त' नाई म्हटलं."

 

गोळ्या मात्र कपाटातच राहिल्या. मुलगी रागावली, पुन्हा पडलीस तर जिवावर बेतेल म्हणाली. "एक डाव येऊ दे त्याहिले," बाई म्हणाल्या. "न सांगता त्याहिचं येनं कसं बंद करू?"

"पण बाई, येणारं कोणी नाही, हे तुम्हीच सांगता," मी म्हटलं.

"हो न. सांगाचं तं मलेच आहे."

एका दुपारी प्रयोगशाळेत त्या थबकल्या. मी दारातच होतो. त्यांचे ओठ हलले, काय बोलल्या ते कळलं नाही. त्या रात्रीपासून त्यांनी गोळ्या सुरू केल्या. वास गेला, नवराही यायचा थांबला.

काही महिन्यांनी बाईंनी घरी पुण्यानुमोदन ठेवलं, गेलेल्या माणसासाठी करतात ते, नवऱ्याचंच. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लागली, सगळ्यांनी त्रिशरण पंचशील म्हटलं. एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "बाई, हे तं मागंच झालं होतं न?"

"झालं होतं, बाबाजी. पन तवा मी कुठी सोडलं होतं त्याहिले?"

नवरा गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बाई बायकांमध्ये बसून पोटभर रडल्या, आणि त्यांना कोणी गप्प केलं नाही.