नळीची दुसरी बाजू

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी नागपूरहून डिप्लोमा घेऊन तिथे लागलो. काम मोजमापाच्या यंत्रांचं. मोजतो तो इंजिनिअर, बाकी सगळे मिस्त्री, असं मी कॅम्प-एक वसाहतीतल्या खोलीत सोबत्यांना ऐकवायचो. ते बिचारे मुकाट्याने जेवत.

रोलिंग मिलच्या भट्टीला हवा नेणाऱ्या पाइपावर दाब दाखवणारी काचेची नळी होती. आकार इंग्रजी यू अक्षराचा, आत लाल पाणी. दाब आला की एका बाजूचं पाणी खाली जाई, दुसरीकडचं वर चढे. दोन्ही बाजू वाचून फरक काढायचा, असा नियम. मी फक्त चढलेली बाजू मधल्या शून्यापासून वाचून दुप्पट करी. खालची वाचायला वाकावं लागे.

मे महिन्यात आकडा रोज थोडा वाढू लागला. मी त्या मानाने हवेची झडप थोडीथोडी बंद करायला लावी. भट्टीवरचा म्हातारा ऑपरेटर म्हणाला, "साहब, हवा कम पड़ रही है. धुआँ देखो."

"धुआँ नहीं, मीटर देखो," मी ऐटीत म्हणालो.

लाल पाणी एव्हाना गुलाबी झालं होतं. उन्हाने रंग उडाला असणार, हे मी उभ्याउभ्याच ठरवलं. मग तीन पानी रिपोर्ट लिहिला: हवा ढकलणाऱ्या पंख्यात दोष आहे, तो बदलावा.

रिपोर्ट वाचून आमचे साहेब स्वतः आले. वर्ध्याकडचे, माझ्या दुप्पट वयाचे. ते नळीपुढे चांगले वाकले.

"दुसरी बाजू कावून नाही पाहिली?"

"पाहिली ना, साहेब."

"मंग सांग, किती हाय?"

त्यांनी फरक काढला. दाब पाहिजे त्याच्या निम्मा होता.

"निम्म्या हवेवर भट्टी चालवून राहिला, अन् वरून पंखा बदलाले सांगून राहिला?"

तिथे झाडझूड करणारी एक रेजा, म्हणजे मजूरबाई होती, उतई गावाकडून येणारी. ती झाडू ठेवून पुढे आली. "पानी कम होगे रिहिस साहेब, त मैं रोज डार देत रेहेंव."

मला केवढा आनंद झाला! "पाहा साहेब, हिनं पाणी टाकलं!"

"तिनं तं पाणी टाकलं. तू काय केलं?"

झडप उघडली. धूर कमी झाला. ऑपरेटरने आपल्यातला अर्धा चहा माझ्यापुढे सरकवला.

साहेब गेल्यावर मी त्या बाईला नळीत पाणी का टाकायचं नाही ते समजावलं: पाणी टाकलं की दोन्ही बाजू वर सरकतात, आणि चढलेल्या बाजूचा आकडा उगाच फुगतो. तिने शांतपणे ऐकून विचारलं, इतक्या उन्हात ते आटतं, तेव्हा तुम्ही काय करता?

"वो हम देख लेते हैं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पाइप बंद करून मी नळीच्या दोन्ही बाजूंचं पाणी शून्याच्या खुणेवर आणलं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच.